‘आटे बसले की कुठलाही प्लग चालतो’ म्हणे!

लॉन मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या मशीनच्या, स्पार्क प्लगबद्दलचा एक मेसेज सध्या इकडून तिकडे फिरतोय. पाठवणारे चांगल्या मनानं पाठवतात, पण त्यावर विसंबून इंजिनचं हेड (ज्यात प्लग बसतो तो वरचा भाग) खराब करून घेऊ नका. मेसेज थोडक्यात असा: छोट्या इंजिनांचे प्लग सगळे १४ मिलिमीटरचे, म्हणून आटे बसले की कुठलाही चालतो. प्लग काळा पडत असेल तर ‘गरम’ प्लग घ्या. नंबर जितका मोठा तितका प्लग गरम. गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती टोकांमधली फट, थोडी वाढवा, ठिणगी जाड पडते. रेझिस्टरचा प्लग करंट खातो, तो टाळा. इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग घातला तर ताकद वाढते. आणि बसवताना पान्यावर सगळा जोर टाकून आवळा.

आधी आटे. १४ मिलिमीटर हा नुसता व्यास झाला. आट्याच्या भागाची लांबी ९.५, १२.७ किंवा १९ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनांना बहुतेक ९.५ लागते, हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्यांना पुष्कळदा १९. तिन्ही प्लग एकाच भोकात सारख्याच सहजतेनं फिरतात, आणि माणूस फसतो तो इथेच. लांब प्लग पिस्टनला नाहीतर व्हॉल्व्हला ठोकर देऊ शकतो. आखूड प्लगचं नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून तो जास्त लबाड.

हे मी स्वतः भोगलंय. १९ च्या जागी मला १२.७ चा प्लग मिळाला. मशीन चालू झालं, थोडं अडखळत होतं, पण मी खोलात गेलो नाही. हंगाम संपल्यावर योग्य प्लग आणला आणि हातानं फिरवायला घेतला. दहाएक फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या आणि मग दगडाला लागल्यासारखा अडला. टॉर्च मारून पाहिलं तर भोकाच्या आतले जे आटे इतके दिवस उघडे होते, त्यांत काजळी भाजून घट्ट बसलेली. हेड ॲल्युमिनियमचं. तिथे पाना लावून जोर केला असता तर आटेच सोलून निघाले असते. शेवटी हेड उतरवून ते साफ केले. आणखी एक: काही प्लगना खाली वायसर असतो, काहींची बैठक निमुळती असते. तीही जुळायला लागते.

आता ‘गरम’ प्लग. गरम प्लग म्हणजे गरम ठिणगी नव्हे. आतल्या चिनी मातीच्या टोकातली उष्णता हेडकडे हळू जाते, एवढाच त्याचा अर्थ. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं की काजळी आपोआप जळते. ८५० च्या आसपास पोचलं की ठिणगीआधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायचा धोका. नंबराचं म्हणाल तर चॅम्पियन आणि बॉश या कंपन्यांच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नेमकं उलटं. मेसेज वाचून कुणी एनजीकेचा ६ सोडून ८ घेतला, तर तो जास्त थंड प्लग घेऊन येईल आणि काजळी वाढेल.

मुळात प्लग काळा का पडतो, हे मेसेजात कुठेच नाही. कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक पूर्ण उघडत नाही. ओला, तेलकट काळा असेल तर तेल वर येतंय. पात्याखालचं गवत खरवडायला मशीन कार्बोरेटरच्या बाजूवर आडवं केलं, तरी हेच होतं. ती बाजू वरच ठेवायची. (आणि खाली हात घालण्याआधी प्लगची टोपी काढायची, हे वेगळं सांगायला नको.) फिल्टर न बघता प्लग बदलणं म्हणजे ताप मोजून थर्मामीटर फेकणं.

गॅप. गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरनं १९०२ साली बॉशसाठी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) केला, तो प्लगच्या जोडीनंच. मोअरमध्ये आजही बहुधा मॅग्नेटोच असतो: फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलजवळून जातं तेव्हा वीज तयार होते. दोरी ओढताना फ्लायव्हील हळू फिरतं, म्हणजे सुरू करतानाच वीज सगळ्यात कमी. गॅप रुंद केली की ती ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. ‘जाड ठिणगी’च्या हौसेपायी दोरी ओढून खांदा दुखवून घ्यायचा. बऱ्याच मोअरना ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, हलकं घासून निघालं पाहिजे.

रेझिस्टर करंट खातो, हे ऐकायला पटतं. आत साधारण ५ हजार ओहम असतात. पण ठिणगी पडेपर्यंत करंट जवळजवळ वाहतच नाही, मग खाणार काय? रेडिओतली खरखर दाबायला तो असतो, आणि काही ठिकाणी कायद्यानंच लागतो. मूळ प्लगवर ‘आर’ असेल तर नवीनही ‘आर’चाच घ्या.

इरिडियमचं टोक बारीक असतं, ठिणगीला थोडे कमी व्होल्ट पुरतात आणि ते झिजतं हळू. एवढंच. नीट पेटणारं मिश्रण आणखी नीट पेटत नाही, ताकद कुठून येणार?

निवडायचं कसं, तर मशीनच्या पुस्तिकेतला नंबर अख्खा जुळवून. उदाहरणार्थ होंडाच्या जीसीव्ही१६० ला एनजीकेचा बीपीआर६ईएस लागतो. त्यात ‘बी’ म्हणजे १४ मिमी आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेलं टोक, ‘आर’ रेझिस्टर, ६ उष्णतेचा आकडा, ‘ई’ म्हणजे १९ मिमी लांबी. ‘ई’ हे एक अक्षर बदलून ‘एच’ आलं, म्हणजे बीपीआर६एचएस झालं, की लांबी १२.७. माझा घोळ या एका अक्षराचाच.

राहिलं आवळणं. इंजिन गार असताना प्लग आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवायचा. वाटेत अडला तर उलटा काढून पुन्हा लावायचा. मग पाना. वायसरचा नवा प्लग असेल तर अर्धा फेरा, तोच जुना परत लावत असाल तर अष्टमांश ते पाव. वायसर दबतो ते हाताला कळतं.