पुन्हा २१३३!

वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटर पुन्हा तोंड काळं करून बसला. मालवणात जून लागला की हा नेम ठरलेलाच! पंखे गरगरतायत, मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावर) रॅमचा, म्हणजे मेमरीत गडबड असल्याचा, दिवा तेवढा पेटलेला. मग वायर काढा, रॅम उपसा, खोडरबराने पट्ट्या घासा (खारी दमट हवा कुणालाच सोडत नाही), ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल काढून बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग्ज कोऱ्या करा. शेवटी उठतो मेला, पण ३२०० च्या वेगाची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) रॅम २१३३ च्या मंद, मूळ वेगावर! रात्र रात्र जागून, व्होल्टेज ०.०१ ने चढवत, तासन् तास मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून जमवलेलं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, गेलं पाण्यात. वर शेजारचे काका, "अरे, तेका वायच उन्हात ठेव." काकानू, ऊन खंय आसा?