कितीवर गेलाय?

व्यायामाची सायकल विकताना दुकानदाराने तिचा एक मोठा गुण सांगितला होता : "घरच्या घरी साहेब, कुणाला कळणारसुद्धा नाही." त्याचं घर मोठं असावं. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ती मावेल अशी एकच जागा निघाली, हॉलमध्ये टीव्ही आणि दिवाण यांच्या मधोमध. तेव्हापासून मी पॅडल मारत असलो की घरच्यांना मालिका माझ्या खांद्यावरून बघावी लागते. मालिका रेंगाळली की मग ते मलाच बघतात.

तेही चाललं असतं. पण सायकलवर ठोके मोजायची सोय आहे.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब करून दिला होता. २२० वजा माझं वय ५२, म्हणजे १६८ ही हृदयाची कमाल. त्याच्या ६४ ते ७६ टक्क्यांत राहायचं, म्हणजे मिनिटाला १०८ ते १२८ ठोके. खाली राहिलात तर व्यायाम नाही, वर गेलात तर जरा दमानं घ्या. हा कागद हिने फ्रिजवर लावला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. आईला १०८ हा आकडा फार आवडला. जपमाळेत तेवढेच मणी. "डॉक्टर धार्मिक दिसतात," ती म्हणाली.

सायकलच्या दांडीवर दोन्ही बाजूंना धातूच्या चकचकीत पट्ट्या आहेत. त्या दोन्ही हातांनी धरल्या की पुढच्या पडद्यावर एक हृदय लुकलुकायला लागतं आणि थोड्या वेळाने आकडा उमटतो. नाक खाजवायला एक हात सोडला की आकडा जातो आणि तिथे दोन आडव्या रेघा येतात. आईने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ती काही न बोलता देवापुढे दिवा लावायला गेली.

या पट्ट्यांमागचं तत्त्व जुनं आहे. दर ठोक्याला हृदयात जी इवलीशी वीज खेळते, ती एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत मोजता येते. हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरच ईसीजीचं यंत्र उभं केलं आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. त्यांचा रुग्ण मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसायचा. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, आणि ते चालवायला पाच माणसं लागायची. आमचं यंत्र चालवायला मी एकटा पुरतो. बघायला मात्र, कामाच्या मावशी धरल्या तर, चार जण असतात.

हे मी जेवताना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सायकलशेजारच्या स्टुलावर मीठपाण्याची वाटी हजर. खरं सांगायचं तर त्याचा उपयोग झाला. माझे हात कोरडे असतात आणि कोरड्या हातांना त्या पट्ट्या दाद देत नाहीत. बोटं बुडवून धरल्यावर आकडा स्थिर राहिला. दांडीला गंज चढला तो नंतर.

मग मुलीने पुण्याहून वाढदिवसाला घड्याळ पाठवलं. हे मनगटावर हिरवा उजेड पाडतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा उजेड तेवढा घटतो, आणि त्या चढउतारांवरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असला, मनगट दांडीवर वाकलं किंवा मूठ आवळली गेली, की त्याचा गोंधळ उडतो. आणि आमच्या सायकलचं सीट असं आहे की मूठ आवळल्याशिवाय माणूस त्यावर टिकत नाही.

त्यामुळे एके संध्याकाळी दांडी म्हणाली १३१ आणि घड्याळ म्हणालं ९६. म्हणजे एकाच्या मते मी उतरायला हवं होतं आणि दुसऱ्याच्या मते मी अजून सुरूच केलं नव्हतं. हिचा १३१ वर विश्वास बसला, कारण माझा चेहरा तसा दिसत होता. आईचा ९६ वर, कारण मुलाचं चांगलंच व्हावं. शेजारचे नाना साखर मागायला आले होते, ते ती घेऊन थांबले. नानांची हयात हिशेब तपासण्यात गेली. त्यांनी सरासरी काढली, ११३.५.

"अर्धा ठोका कसा असेल नाना?" मी धापा टाकत विचारलं.

"तो पुढच्या मिनिटात ओढायचा," नाना म्हणाले.

यंत्रांवरचा हा वाद आईला पटेना. तिच्या लहानपणी गावचे वैद्य तीन बोटं मनगटावर ठेवून सगळं सांगायचे. वाताची नाडी सापाच्या चालीने जाते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारत आणि कफाची हंसाच्या संथ गतीने. पुरुषाचा उजवा हात बघायचा, बाईचा डावा. सांगता सांगता तिने माझा उजवा हात ओढून घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेडूक."

"हंस नव्हताच होणार," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

बेडकावर समाधान मानून मी थांबायला हवं होतं असं ही अजून म्हणते. मला ते मान्य नाही. बेडूक हे काही एकक नाही. मी छातीला बांधायचा पट्टा मागवला. ही कल्पना फिनलंडची. तिथल्या औलू शहरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सेप्पो सॅय्नॅयाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार नावाची कंपनी काढली. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंना पळता पळता आपले ठोके कळावेत ही त्यामागची गरज. (हे आडनाव पॅडल मारताना एका दमात म्हणता आलं तर व्यायाम फारच हलका चालला आहे असं समजावं.) पट्टा आतून ओला करून बरगड्यांवर आवळायचा, मग तो थेट हृदयाची वीज टिपतो. मनगट वाकवा, नाक खाजवा, त्याला फरक पडत नाही. मी बनियन वर करून पट्ट्याचा हूक शोधत होतो तेव्हा हिने विचारलं, "सीटबेल्ट लावलात का?" त्या प्रश्नाला माझं वय बघता खवचटपणा म्हणावा की काळजी, हे मला ठरवता आलं नाही.

पट्टा अचूक निघाला. संकट तिथेच सुरू झालं.

तो आकडा फोनवर पाठवतो, फोन दांडीवर उभा असतो, आणि त्यावरचे आकडे एवढे मोठे असतात की दिवाणावरून चष्मा न लावता वाचता येतात. तोवर माझे ठोके वादग्रस्त होते, म्हणून सुरक्षित होते. आता ते पुराव्यात जमा झाले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगचा विषय निघाला की मी १३५. शेअर बाजाराची बातमी लागली की १२९. बातमी ऐकून मी चेहरा कोरा ठेवायला तीस वर्षं ऑफिसात शिकलो, ते सगळं शिक्षण बरगड्यांवरच्या एका पट्ट्याने वाया घालवलं. घरात कुणी कुणाला "कसे आहात" विचारेनासं झालं. स्वयंपाकघरातून फक्त आवाज येतो, "कितीवर गेलाय?" आणि जो जवळ असेल तो वाचून दाखवतो. एकदा कुरियरवाल्याने वाचून दाखवला.

त्यातच हिच्या दादांचा नागपूरहून फोन आला. बोलून झाल्यावर ही म्हणाली, "दादा येतोय. पंधरा दिवस राहील."

"अरे वा," मी म्हणालो.

तिने पडद्याकडे बघितलं. "११२ चे १२६ झाले."

"जोर वाढवला ना मी."

पण त्या पडद्यावर पायांचे मिनिटाला किती फेरे होतात तेही येतं. ते ६४ वरून ४१ वर आले होते. तिने दोन्ही आकड्यांवर एकेक बोट ठेवलं आणि काही बोलली नाही.

मी सूड म्हणून एका रात्री पट्टा तिला बांधायला लावला. ती दिवाणावर लसूण सोलत बसली, मी समोर फोन घेऊन. मी सांगितलं, मेंटेनन्स भरायचा राहिलाय, दंड लागेल. ७२. आजची भाजी खारट होती. ७१. दादांना आपण जवळच्या लॉजवर उतरवू या. ७२. मी पट्टा पाण्याने पुन्हा ओला करून बघितला.

"बिघडलेला नाहीये तो," ती म्हणाली. "तुम्ही बोलता तेव्हा माझं लक्ष नसतं."

आता माझा सगळा आधार ते २२० वजा वय होतं. तेव्हा त्याच्याच मुळाशी जावं असं ठरवलं. तर हे सूत्र सापडतं १९७१ च्या एका लेखात, फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या. आधीच्या काही मोजक्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले, त्यातून अंदाजाने एक रेघ गेली, ती जगभरच्या जिमच्या भिंतींवर जाऊन बसली. एकेका माणसाच्या बाबतीत तो आकडा दहाबारा ठोक्यांनी इकडे किंवा तिकडे सहज असू शकतो. २००१ मध्ये तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच जास्त माणसं हिशेबात धरून नवं सूत्र दिलं : २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायची. चाळिशीला दोन्ही सूत्रांचं उत्तर १८० च येतं, त्यापुढे मात्र तानाका जास्त उदार होत जातात. माझी कमाल १६८ ची १७२ झाली. बसल्या जागी चार ठोके वाढवून मिळाले, तेही सरकारी नोकरीत नसताना. ही बातमी मी घरात दिली.

"दादासाठी राखून ठेवा," ही म्हणाली.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी तीन महिन्यांचे आलेख छापून घेऊन गेलो. त्यांनी ते बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं, जे आमच्या घरात बरेच दिवसांत कुणी केलं नव्हतं. म्हणाले, साधी गोष्ट लक्षात ठेवा. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाता येत नाहीये, तर वेग बरोबर आहे. बोलताही येईना तर कमी करा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचीही एक पट्टी आहे म्हणाले, ६ ते २०. किती दमलो ते आपणच सांगायचं, त्याला दहाने गुणलं की साधारण ठोके येतात. ही शेजारीच बसली होती. "यांना विचाराल तर सीटवर बसताच वीस सांगतील," ती म्हणाली. त्यामुळे बोर्ग बारगळले आणि गाणं राहिलं.

घरी आल्यावर आईने टीव्ही बंद केला. "हं, म्हण." मी पॅडल मारत गणपतीची आरती सुरू केली. नाना टाळ घेऊन आले. मावशींनी भांडी थांबवून टाळ्या धरल्या. आरतीची लय चढत जाते हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं होतं. तिसऱ्या कडव्याला माझे पाय टाळांच्या मागे धावू लागले आणि आवाज कधीच मागे पडला होता. निकाल : बोलता येतं, गाता येत नाही. वेग बरोबर. पण मुद्दा असा की मला बसूनही गाता येत नाही, आणि शाळेतल्या प्रार्थनेलाही मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. या चाचणीनुसार मी जन्मापासून मध्यम तीव्रतेचा व्यायाम करतो आहे.

दादा ठरल्या दिवशी आले. साठीचे, उंच, पांढरीशुभ्र मिशी. सायकल दिसताच म्हणाले, "जावईबापू, आण तो पट्टा." बांधला, बसले, जोराचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि सुटले. ही समोर उभी. मिनिटामागून मिनिटं गेली, कपाळावर घाम आला, सायकल जागेवरून इंचभर सरकली, आणि आकडा ९४. अजून जोर, ९६. त्याच्या वर जाईच ना.

"हृदय असावं तर असं," दादा म्हणाले. "मोठमोठ्या सायकलपटूंचे ठोके असेच कमी असतात."

"शिका जरा," ही मला म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. मघाशी चहाबरोबर दादांनी गोळी घेतली होती, तिचं पाकीट ओट्यावरच होतं. ब्लडप्रेशरसाठीचा बीटा ब्लॉकर. त्याचं कामच ठोके आवरून धरणं. ही गोळी घेणाऱ्याला ना २२० लागू, ना तानाका. त्यांनी पडद्याकडे न बघता डॉक्टरांना विचारायचं असतं. मी हिला हाक मारून पाकीट दाखवलं आणि हळू आवाजात सगळं शास्त्र समजावलं. दादांना सांगू या, जोर कमी करू देत, असंही म्हणालो.

तिने बाहेर जाऊन दादांना सायकलवरून उतरवलं, पाणी दिलं आणि परत येऊन मला म्हणाली, "दादाचं कौतुक झालं की बघवत नाही तुम्हाला."

मी दिवाणावर येऊन बसलो. दादा पाणी पिऊन पुन्हा सायकलवर चढले होते, आता अगदी बेताने, आणि नानांना आकडा दाखवत होते : ८८. नाना म्हणाले, हे हृदय बँकेत असतं तर ठेव म्हणून घेतलं असतं. आईने दृष्ट काढली. तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी थरथरलं. बसल्या जागी ठोके शंभराच्या वर गेले की घड्याळाने सावध करायचं, अशी सोय मुलीने करून दिली आहे. तोच इशारा तिलाही पुण्यात मिळतो, हे मला तिचा फोन आल्यावर कळलं.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "मामा सायकल चालवतोय."