व्यासपीठाच्या मागची बाई

सप्टेंबर 2023मध्ये लोकसभा-विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा राखणारा नारी शक्ती वंदन अधिनियम मंजूर झाला, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक हिशेब अधूनमधून डोकं वर काढतो. गोवा विधानसभेच्या 40 जागांपैकी एक तृतीयांश बायकांना गेल्या, तर कुणाचा मतदारसंघ जाणार? 2022मध्ये निवडून आल्या तिघी. ज्या गोव्याने 1973 सालीच शशिकलाताई काकोडकरांना मुख्यमंत्री म्हणून पाहिलं, तिथे तिघी! राग रास्तच आहे. हल्ली हा वाद विधानसभेवरून डॉक्टर-इंजिनिअरांच्या संघटनांवर घसरतो: कार्यकारिणीत बायका किती, अध्यक्षपदी बाई कधी?

संघटनेचं ऑफिस कोण चालवतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी इंग्लंडमध्ये अशाच एका व्यावसायिक संघटनेत ऑपरेशन्स मॅनेजर आहे. म्हापशाची मावशी विचारते, ‘‘म्हणजे तू कारकून की साहेब?’’ दोन्ही, मावशी. वर्गणीचं नूतनीकरण, बँकेतून परत आलेली डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप वळती होणारी वर्गणी), निवडणुकीची मतदारयादी, वार्षिक सभेची मुदतीत जाणारी नोटीस, सभासदांच्या माहितीची गोपनीयता, शाखांचा विमा, सगळं माझ्याकडे. ज्येष्ठ सभासदाच्या प्रमाणपत्रावर नावाआधीचं ‘डॉ.’ राहिलं की त्याचा फोन अध्यक्षांना जात नाही, मला येतो, आणि तोही चढ्या आवाजात. पण या कामाला पगाराची श्रेणी आहे, बढतीची वाट आहे आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्च मंजूर करायची सही माझी चालते.

पणजीत एका संघटनेच्या वार्षिक सभेला सुट्टीत गेले होते. शाल-श्रीफळाचं ताट घेऊन व्यासपीठाच्या कडेला जी उभी होती, तिनेच अहवाल लिहिला होता, जमाखर्च जुळवला होता, हॉल ठरवला होता. कुणाची वर्गणी थकली आहे आणि कुणाला ती मागायची नाही, हेही तिलाच ठाऊक. कागदोपत्री ती ‘ऑफिस असिस्टंट’. मानद सचिव दर दोन वर्षांनी बदलतात, नव्यांना काम तीच शिकवते. आभार मानताना तिचं नाव मंडपवाल्याच्या नंतर आलं.

कायद्याचंही तसंच. प्रसूतीसाठी भारतात आहे तशी 26 आठवडे भरपगारी रजा इंग्लंडलाही जमलेली नाही. इथे रजा 52 आठवडे असली तरी सक्तीचा पगार 39 आठवड्यांचाच, तोही पहिले सहा आठवडे 90 टक्के आणि पुढे एक ठरावीक रक्कम. कागदावर आपण पुढे. पण दुकानं-कार्यालयांना आपला कायदा लागू होतो तो किमान दहा माणसं कामाला असतील तर, आणि संघटनेच्या ऑफिसात असतात दोन-तीन. इंग्लंडमध्ये माणसं किती हे बघत नाहीत, आणि लहान मालकाने दिलेली रक्कम सरकार भरून देतं. ताट धरणाऱ्या त्या बाईला हा फरक कुठल्याही आरक्षणापेक्षा जवळचा आहे.

इथलं सगळंच गोड आहे असं नव्हे. माझ्या वरच्या खुर्च्यांवर अजून पुरुषच जास्त. शिवाय सभासद इथे गिऱ्हाईक झालाय. वर्गणीच्या बदल्यात मला काय, हा त्याचा पहिला प्रश्न. लांबच्या काणकोणहून पणजीला सभेसाठी येणारा आणि जेवण होईपर्यंत हलायचं नाव न काढणारा सभासद मला इथे दिसत नाही, आणि त्याची आठवण येते.

तरीही घरच्या ग्रुपवर वाद घालणाऱ्या भावांना माझं सांगणं एकच. अध्यक्ष बाई हवीच, पण ती दोन वर्षांनी जाईल. पुढच्या सभेत आधी ऑफिसातल्या बाईचं पद, श्रेणी आणि सहीचा अधिकार ठरवा. पैसे नाहीत, हे उत्तर मला देऊ नका. सत्काराच्या शाली, मोमेंटो आणि हॉटेलचं जेवण यांचा खर्च त्या अहवालात छापलेला आहे. मी वाचलाय.