ताऱ्याची नोट बनावट नाही

आमच्या भाजीवाल्या मावशींनी पाचशेची एक नोट गल्ल्यात न टाकता डब्याच्या तळाशी वेगळी ठेवली होती. कारण मोबाइलवर आलेला मेसेज: ‘नंबरात * असेल तर नोट बनावट. अशा नोटा दोन-तीन महिन्यांपासून आल्यात, बँका परत करताहेत. घेऊ नका.’ हातावर पोट असलेल्या बाईचे पाचशे रुपये अडकले, म्हणून हे लिहिते आहे.

‘तारा म्हणजे बनावट.’ साफ चूक. नाशिक रोड, देवास, म्हैसूर, सालबोनी, कुठेही छापलेली नोट तपासूनच बाहेर पडते. छपाईत दोष दिसला की ती बाद. पण गड्डी तर शंभर नोटांचीच भरायची असते. ऑगस्ट २००६ पर्यंत नव्या गड्डीतले नंबर सलग असत. त्यानंतर बाद नोटेच्या जागी ताऱ्याची नोट घालायला सुरुवात झाली. सुरुवातीचा अंक आणि दोन अक्षरं, मग *, मग सहा आकडे. बाकी नोट इतर नोटांसारखीच.

‘दोन-तीन महिन्यांपासून.’ दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर तारा २००६ पासून आहे, पाचशेच्या नोटेवर डिसेंबर २०१६ पासून. जुलै २०२३ मध्ये हाच मेसेज फिरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून या नोटा अस्सल असल्याचं सांगितलं.

‘बँका परत करताहेत.’ अशा गड्डीच्या पट्टीवरच आत ताऱ्याच्या नोटा असल्याचं छापलेलं असतं. नोट कायदेशीर चलन आहे. ताऱ्यावरून कुणी परत केली, तर चुकतो तो परत करणारा.

‘घेऊ नका’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. खरी-खोटी बघायचीच, पण ताऱ्यावरून नको. तारा तर बनावट नोट छापणाराही छापेल. नोट तिरपी करा, हिरवा धागा निळा दिसला पाहिजे. उजेडात धरा, कोऱ्या जागेत गांधीजी आणि ५०० उमटतात. दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघांवरून अंगठा फिरवा, त्या हाताला लागतात. अंधांना नोट ओळखता यावी म्हणूनच त्या उठावदार छापलेल्या आहेत.

मावशींनी पाण्याने सुरकुतलेला अंगठा त्या रेघांवरून दोनदा फिरवला आणि नोट गल्ल्यात टाकली.