रोमन खेडं भोळं नव्हतं

प्राचीन रोमबद्दल एक समज पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. शहर म्हणजे हेवेदावे, निंदा आणि टवाळी. खेडं म्हणजे शांत, भोळा, राबणारा शेतकरी. उपहासाची कविता शहरवाल्यांनी काढली. गावात चेष्टेची गाणी होती, पण ती निव्वळ करमणूक. त्यांनी कुणाचं काही बिघडत नसे. पुरावा म्हणून रोमन कवी होरेसच्या ओळी पुढे केल्या जातात: व्यवहाराच्या कटकटीपासून दूर राहून वडिलार्जित शेत स्वतःच्या बैलांनी नांगरणारा माणूस धन्य होय. हा समज चुकीचा आहे, आणि ज्या शेतकऱ्यांचं त्यात कौतुक होतं त्यांच्यावरच तो अन्याय करतो.

आधी त्या ओळींचं पाहू. मूळ कविता ७० ओळींची आहे आणि शेवटच्या ४ ओळी गाळल्याशिवाय ती पुरावा म्हणून चालत नाही. त्या ४ ओळींत कळतं, की हे सगळं बोलणारा अल्फियस नावाचा सावकार आहे. गावी जाऊन शेती करायच्या गोष्टी बोलता बोलता त्याने महिन्याच्या मध्याला सगळा पैसा वसूल केला, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तो परत व्याजाने लावायच्या खटपटीला लागला. सावकाराच्या तोंडचं दिवास्वप्न शेतकऱ्याच्या आयुष्याची साक्ष कसं होईल?

आता ‘टवाळी शहरातून आली’ हे म्हणणं. होरेसनेच सम्राट ऑगस्टसला लिहिलेल्या पत्रात उलटं सांगितलंय. सुगी आटोपून धान्य घरात आलं, की पूर्वीचे शेतकरी भूमीला डुक्कर आणि रानदेव सिल्वानसला दूध अर्पण करून सण करायचे. त्याच सणात फेसेनिन पद्यं रंगायची. एकाने कडवं फेकायचं, दुसऱ्याने लगेच कडव्यातच उलटवायचं, आणि मजकूर सगळा अस्सल गावरान शिव्यांचा. आपल्या शिमग्यासारखीच ही ठरल्या दिवसांपुरती मोकळीक होती. उपहासकवितेचा आद्य कवी मानला जाणारा ल्युसिलियस इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला. एकमेकांना पद्यात झोडपायची सवय त्याच्या कितीतरी आधीची.

आणि ती निरुपद्रवी मुळीच नव्हती. होरेस पुढे लिहितो, की चेष्टा चढत गेली, चावे घेऊ लागली, चांगल्या घरांतून बेधडक फिरू लागली. ज्यांना ती लागली ते विव्हळले, ज्यांना लागली नव्हती तेही धास्तावले, आणि शेवटी कायदा आला. इसवी सनपूर्व ४५१-४५० मधल्या बारा फलकांच्या कायद्याबद्दल, म्हणजे रोमच्या पहिल्या लिखित कायद्याबद्दल, रोमन वक्ता सिसेरो सांगतो, की मोजक्याच गुन्ह्यांना त्यात देहदंड होता, आणि दुसऱ्याची बदनामी करणारं गाणं रचणं किंवा जाहीरपणे गाणं हा त्यांपैकी एक. गमतीच्या गाण्याला कुणी देहदंड ठेवत नाही. जिथे पत हीच माणसाची पुंजी, तिथे चारचौघांत गायलेलं एक कडवं माणसाला आयुष्यातून उठवू शकत होतं.

त्याच फलकांत मंत्र टाकून दुसऱ्याचं पीक ओढून नेणाऱ्यालाही शिक्षा होती. गावातली असूया इथे उघडी पडते. गायस फ्युरियस क्रेसिमुस हा मुक्त झालेला गुलाम. त्याच्या लहानशा तुकड्यात शेजाऱ्यांच्या मोठ्या शेतांपेक्षा जास्त पिकायचं. शेजाऱ्यांना ते बघवेना. हा जादूटोणा करून आमचं पीक पळवतो, अशी कुजबुज सुरू झाली आणि प्रकरण खटल्यापर्यंत गेलं. निकालाच्या दिवशी त्याने शेतीची सगळी अवजारं फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, आणून मांडली: उत्तम घडवलेली हत्यारं, वजनदार कुदळी, जड फाळ. सोबत पोटभर खाल्लेले बैल आणि धडधाकट, नीट कपडे घातलेली माणसं. मग म्हणाला, “नागरिकहो, हा माझा जादूटोणा. माझी रात्रीची मेहनत, जागरणं आणि घाम मात्र इथे आणून दाखवता येत नाही.” एकमताने तो सुटला. ही हकीकत रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे. मला ती रोमन शेतीबद्दलच्या सगळ्या गोड कवितांपेक्षा मोलाची वाटते.

प्लिनीकडेच आणखी एक बारीक गोष्ट आहे. द्राक्षवेलींची छाटणी वसंतसंपाताच्या सुमारास उरकायची असे. कुक्कू पक्षी ओरडू लागला तरी ज्याच्या हातात छाटणीचा कोयता, तो आळशी. येणारेजाणारे बांधावरून त्या पक्ष्याचा आवाज काढायचे, की याची शोभा झालीच. होरेसच्या एका उपहासिकेत असा वाटसरू मोठ्याने ‘कुक्कू’ म्हणून हिणवतो, आणि द्राक्षमळेवाला त्याला शब्दांनी असा झोडतो की वाटसरूच माघार घेतो. यात शहराचा काय संबंध?

रोमन कवी व्हर्जिलच्या मेंढपाळांचा दाखला देणाऱ्यांनी त्याचं तिसरं गोपगीत वाचावं. मेनाल्कस आणि दामोएतस भेटल्या भेटल्या एकमेकांची लफडी काढतात: तू मालकाच्या पाठीमागे तासाला दोनदा मेंढ्या पिळतोस, तू दाफ्निसचं धनुष्य मोडलंस, दामोनचा बोकड तू चोरलास. बोकड मी गाण्याच्या पैजेत जिंकला होता, त्यानेच दिला नाही, हे दामोएतसचं उत्तर. मग पैज ठरते तेव्हा मेनाल्कस कळपातलं जनावर लावायला तयार होत नाही, कारण घरी बाप आणि सावत्र आई दिवसातून दोनदा कळप मोजतात. बासरी आहे, सावली आहे, आणि शेजाऱ्याचा हिशेबही आहे.

आता समोरच्यांच्या बाजूचा खरा पुरावा. सबाइन डोंगरातल्या आपल्या शेताबद्दल होरेस लिहितो, की इथे माझ्या सुखाकडे कुणी तिरप्या नजरेने पाहत नाही. मी ढेकळं आणि दगड हलवताना दिसलो की शेजारी हसतात, एवढंच. यावर माझा विश्वास आहे. पण होरेसच्या त्या जमिनीवर पाच कुटुंबं राहत होती, आणि ऑगस्टसचा निकटवर्ती मीसीनस त्याचा आश्रयदाता होता. अशा शेजाऱ्याला गाव हसून सोडून देतं. क्रेसिमुसला सोडलं नव्हतं.