समुपदेशक नेमाच, पण आधी सोमवारची बैठक बसवा

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) यांबाबत कडक आदेश दिले. पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्यामुळे कोल्हापुरातल्या मुलींच्या कॉन्व्हेंटमध्येही पालकसभेला दोन प्रश्न ठरलेले: कॅमेरे बसले का, आणि समुपदेशक नेमला का?

प्रश्न रास्त आहेत. पण इथे आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये कॅथलिक मुलींच्या शाळा कशा चालतात हे जवळून पाहिल्यावर मला ठामपणे वाटतं की आपण साखळीची शेवटची कडी आधी मागतोय. मुलगी समुपदेशकापर्यंत पोचते ती मधल्या माणसांमुळे. ती माणसं जागेवर नसतील, तर समुपदेशकाच्या खोलीला कुलूपच राहणार.

इथली रचना अशी असते. प्रत्येक वर्गाला एक ट्यूटर, म्हणजे आपल्या वर्गशिक्षिकेसारखी. एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांवर एक इयर हेड, आणि या कामासाठी तिचे शिकवण्याचे तास कमी केलेले. तिच्या वर गाइडन्स कौन्सेलर, म्हणजे शाळेची समुपदेशक, आणि उपमुख्याध्यापिका. आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी, ठरलेल्या तासाला, ही मंडळी एकत्र बसतात. या गटाला स्टुडंट सपोर्ट टीम म्हणतात. ही बैठक वेळापत्रकात छापलेली असते. ‘वेळ मिळाला तर बसू’ असा प्रकार नाही.

बैठकीत होतं काय? ४० मिनिटांत आठ-दहा नावं. प्रत्येक नावापुढे चार रकाने: काय दिसलं, कोण बोलणार, कधीपर्यंत, मागच्या वेळचं काय झालं. ‘काय दिसलं’ या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहायचं. ‘तीन सोमवार सलग पहिला तास चुकला’ हे चालतं. ‘डबा न उघडता परत नेते, मैत्रिणींची जागा बदलली’ हेही चालतं. ‘घरचं वातावरण ठीक नाही’ हे चालत नाही, कारण तो अंदाज आहे, आणि एकदा कागदावर चढला की त्या मुलीला दहावीपर्यंत चिकटतो.

हीच बैठक कोल्हापुरात सुरू केली तर कुठे बिघडेल, तेही सांगता येतं. पहिल्या महिन्यातच ती शिस्तीची बैठक होईल: कुणाची वेणी नीट नाही, कुणाकडे मोबाइल सापडला. म्हणून शिस्तीचे विषय तिथे घ्यायचेच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवायची. दुसरा धोका गप्पांचा. ‘तिची आई पण तशीच होती’ असं वाक्य आलं की अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायचं. तिसरा धोका म्हणजे यादी नुसती वाढत जाते, नाव कमी कुणी करत नाही. चार आठवडे काही नवं दिसलं नाही तर नाव काढायचं, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. आणि चौथा, सगळ्यात हमखास: सहामाही आली, स्नेहसंमेलन आलं, की पहिली रद्द होते ती ही बैठक. नेमक्या त्याच आठवड्यांत तिची गरज जास्त असते.

कोल्हापूरकराला हे पटवायला पंचगंगा पुरे. राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला पाणी आलं की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायला लागतात, ४३ ची वाट कुणी बघत नाही. शाळेत मात्र आपण ४३ लाच जागे होतो: मुलगी शाळेत यायचीच बंद झाल्यावर, हातावर ओरखडे दिसल्यावर, नाहीतर नववीत एकदम चार विषयांत नापास झाल्यावर. सोमवारची बैठक ३९ फूट वाचण्यासाठी असते.

या कामासाठी लागणारी माणसं आपल्या कॉन्व्हेंटमध्ये आहेतच. वर्गशिक्षिका आहे, हाउस (मुलींचे गट) आहेत, प्रीफेक्ट (विद्यार्थिनी प्रतिनिधी) आहेत. अनेक ठिकाणी सिस्टर शाळेच्या आवारातच राहतात, म्हणजे शाळा सुटल्यानंतरही एक मोठं माणूस तिथे असतं. डब्लिनमधल्या बहुतेक शाळांत आता हे उरलेलं नाही, सिस्टर वयोवृद्ध झाल्या, संख्येने घटल्या. पण आपल्याकडच्या वर्गशिक्षिकेसमोर ६० मुली असतात आणि सकाळची तिची दहा मिनिटं हजेरी, फी आणि डायरी तपासण्यात जातात. ६० जणींकडे तिने रोज लक्ष ठेवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून वर्ग विभागायचा: वर्गशिक्षिकेकडे ३० आणि त्याच वर्गाला शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेकडे ३०. रोज त्यातल्या तिघींशी दोन-दोन मिनिटं, अभ्यास सोडून काहीही बोलायचं. दहा कामाच्या दिवसांत तिशीच्या तीस होतात. ‘काय नाही मिस, डोकं दुखतंय’ हे वाक्य एकाच मुलीकडून महिन्यात तिसऱ्यांदा आलं, की ते यादीत जातं.

समुपदेशक नेमल्यावर पहिली चूक खोलीच्या जागेत होते. खोली मुख्याध्यापिकांच्या ऑफिसला लागून दिली जाते, कारण ती रिकामी असते. तिथे जाणारी मुलगी क्लार्कपासून फी भरायला आलेल्या पालकांपर्यंत सगळ्यांना दिसते. खोली ग्रंथालयाशेजारी हवी, जिथे जायला मुलीला शंभर कारणं असतात. दुसरी चूक बोलावण्याची. शिपाईमावशी वर्गाच्या दारात उभ्या राहून ‘अमुक तमुकला काउन्सेलिंगला बोलावलंय’ म्हणाल्या, की साठ माना वळल्या. ती मुलगी परत जाणार नाही. ग्रंथालय, ऑफिस, क्रीडा विभाग आणि समुपदेशक या सगळ्यांच्या बोलावण्याची चिठ्ठी एकाच रंगाची, एकाच नमुन्याची हवी. त्यावर फक्त नाव, वेळ आणि खोली क्रमांक. तक्रारपेटीचंही तसंच. ती कॅमेऱ्याच्या नजरेखाली टांगली तर तिच्यात फक्त पंख्याच्या तक्रारी पडतील.

गुप्ततेबद्दल मुलींना खोटं वचन देऊ नये. ‘इथलं बाहेर जाणार नाही’ असं कुणीही म्हणू नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगायचं: तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं कळलं तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला ते बोलून दाखवेन. मुली याने घाबरत नाहीत. आधी वचन देऊन मग मोडलं, तर मात्र अख्ख्या वर्गाचा विश्वास जातो. मुलगी काही सांगू लागली तर शिक्षिकेने ऐकावं, खोदून विचारू नये, तिचेच शब्द त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहावेत. आयर्लंडमध्ये ही माहिती कुणाकडे द्यायची त्या व्यक्तीचं नाव शाळेत ठळक लावलेलं असतं. आपल्याकडेही फलकावर ‘समिती’ लिहिण्याऐवजी नाव लिहावं, आणि त्याखाली चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

आता जी गोष्ट मानसिक आरोग्याच्या चर्चेत कुणी काढत नाही ती. ७२० मुलींची शाळा धरा आणि दर ४० मुलींमागे एक या हिशेबाने १८ शौचालयं, सगळी चालू. मधली सुट्टी २० मिनिटांची. एकीला दोन मिनिटं लागली तर एका शौचालयात दहा जणी, म्हणजे एकूण १८०. शाळेतल्या चौथाईच मुली. त्याच वीस मिनिटांत डबाही खायचा असतो. परिणाम कुठल्याही आईला माहीत आहे: पाण्याची बाटली भरलेली परत येते, चौथ्या तासाला डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच राहते. हजेरीपुस्तकात दर महिन्याला एक-दोन दिवस दिसणारी ती गैरहजेरी कुणी जोडून पाहत नाही.

यावर उपायाला समुपदेशक लागत नाही. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांच्या सुट्ट्या वेगळ्या तासाला द्याव्यात. तास चालू असतानाही स्वच्छतागृहात जाऊ द्यावं आणि कारण विचारू नये. पॅड ऑफिसच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, ते स्वच्छतागृहातच ठेवावेत. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, झाकणाचा डबा रिकामा केला का, हे दर शुक्रवारी दोन मुलींनी कागदावर टिपून थेट मुख्याध्यापिका सिस्टरांच्या हातात द्यावं. मुलींना शाळा आपली वाटते की नाही, हे मला प्रार्थनेपेक्षा या कागदावरून जास्त कळतं.

एकत्र जगण्याचा विषय निघाला की आपल्याकडे वाद धर्मावर जातो. कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली थोड्या. हिंदू, जैन, मुस्लिम मुली बहुसंख्य. भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेनेच एप्रिल २०२४ मध्ये शाळांना सांगितलं की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा. मला हा वाद तिथेच मिटलेला वाटतो. त्यापेक्षा मोलाची एक गोष्ट इथून घ्यावी. अनेक कॅथलिक शाळांत मीथल नावाचा गट असतो: वरच्या वर्गातल्या मुली प्रशिक्षण घेऊन नव्याने आलेल्या छोट्या मुलींना वर्षभर सांभाळतात. आपल्या नववीच्या मुलींना पाचवीतल्या पाच-पाच जणी वाटून द्याव्यात. आठवड्यात एक मधली सुट्टी त्यांच्याबरोबर डबा. इचलकरंजी-कागलहून बसने येणाऱ्या मुलींचे गट त्यांच्या बसनुसार करावेत, कारण चिडवणं, जागा अडवणं आणि रडणं बहुतेक वेळा बसमध्येच होतं. फक्त या ताईंना गुपितं सांभाळायला लावू नये. गंभीर काही कळलं तर कुठल्या शिक्षिकेला सांगायचं, ते नाव त्यांना पाठ हवं.

आयर्लंडचा आदर्श कुणी डोक्यावर घेऊ नये. धर्मसंस्थांनी चालवलेल्या शाळांमधल्या जुन्या लैंगिक अत्याचारांबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये इथे सरकारी अहवाल आला: ३०८ शाळा, २,३९५ आरोप. ‘कॉन्व्हेंट आहे म्हणजे काळजी नाही’ असा विश्वास ठेवल्याची किंमत या देशाने पिढ्यानपिढ्या मोजली, आणि आजचे फलक, नोंदी, बैठका त्यातून आल्या. मुलांच्या मानसोपचाराच्या सरकारी सेवेसाठी इथे आजही लांबलचक प्रतीक्षायादी असते. २०१२ च्या अर्थसंकल्पात गाइडन्स कौन्सेलरचे वेगळे राखलेले तास काढून घेतले, तेव्हा शाळांनी त्यांना वर्गावर शिकवायला पाठवलं आणि मुलींशी एकेकीने बोलण्याचा वेळ सगळ्यात आधी कापला गेला. आपल्याकडे समुपदेशक नेमून तिला गैरहजर शिक्षिकांचे तास दिले, तर हेच होणार. नेमणूकपत्रातच लिहून घ्यावं: बदली तास नाहीत, परीक्षेचं पर्यवेक्षण नाही.

पूर्णवेळ पगार परवडत नसेल तर न्यायालयाच्या शब्दांत प्रशिक्षित समाजकार्यकर्तीही बसते. कोल्हापुरात ‘सायबर’सारख्या संस्थेत एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर, शिक्षण होतं, त्या विद्यार्थिनींना क्षेत्रकार्य करावंच लागतं. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली त्या गटांचं काम चांगलं करतील, पण त्यांना समुपदेशक म्हणून खोलीत बसवू नये. औषधोपचाराची गरज दिसली तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. तिची वेळ आणि पालकांबरोबर कोण जाणार, हे आधीच लिहून ठेवावं.

बैठकीला लागतात पाच माणसं, एक वही आणि एक तास. शाळांची वेळापत्रकं मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बनतात. त्या पाच जणींचा सोमवारचा एकच तास मोकळा ठेवायचा असेल, तर तो त्याच वेळी ठेवावा लागतो. जुलैत मागितला तर कुणाचाच जुळत नाही. पालक-शिक्षक संघाने मेमध्येच लेखी पत्र द्यावं आणि जूनच्या पहिल्या सभेत वेळापत्रकात तो तास बोटाने दाखवायला सांगावं.