‘परदेशात एटीएम टाळा’ या संदेशाचा प्रतिवाद

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की पुण्यातील सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: परदेशात एटीएमला हात लावू नका, कॉसमॉस बँकेचे काय झाले ते आठवा, लागेल तेवढे सगळे चलन इथूनच रोखीने घेऊन निघा, ते स्वस्त पडते, अगदीच नाइलाज झाला तर पडद्यावर रुपयांत रक्कम दाखवणारा पर्याय निवडा, म्हणजे फसवणूक होत नाही, आणि कोणी धमकावले तर पिन उलटा टाका, पोलिस येतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. परंतु या सल्ल्यावर विसंबणारे बहुधा पहिल्यांदाच परदेशी निघालेले आई-वडील आणि विद्यार्थी असतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यांतील मोठा वाटा २८ देशांतील एटीएममधून काढला गेला, हे खरे आहे. मात्र त्या घटनेतून संदेशाने काढलेला निष्कर्ष खरा नाही. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून, कार्डाच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेला बगल देणारी खोटी व्यवस्था उभी केली होती आणि बनावट कार्डे घेतलेल्या साथीदारांनी निरनिराळ्या देशांत पैसे उचलले. त्यासाठी एकाही खऱ्या कार्डधारकाने परदेशात जाण्याची गरज नव्हती. आयुष्यभर शनिवार पेठेबाहेर न पडलेल्या खातेदाराच्या कार्डाचीही नक्कल होऊ शकते. ग्राहकांच्या खात्यांतील पैशाला धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हाच जाहीर केले होते. पर्यटकाला असलेला धोका वेगळा आहे: यंत्राला बसवलेल्या उपकरणाने कार्डाच्या चुंबकीय पट्टीची नक्कल करणे आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने पिन टिपणे. त्यावर उपाय म्हणजे रस्त्याकडेच्या सुट्या यंत्राऐवजी बँकेच्या शाखेतील यंत्र वापरणे आणि पिन टाकताना दुसऱ्या हाताने कळफलक झाकणे. तरीही गैरव्यवहार झालाच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकाच्या अंगावर येत नाही. रोकड हरवली तर अशी दाद कोणाकडे मागणार?

सगळे पैसे रोखीने नेण्यातली पहिली अडचण नियमाची आहे. बहुतेक देशांना जाताना एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा विकत घेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी लागते. जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाचा वर्षभराचा खर्च पाकिटात घालून देता येत नाही आणि देता आला असता तरी देऊ नये. दुसरी बाब दराची. कॅम्पात किंवा डेक्कनला मनी चेंजरकडून घेतलेल्या नोटांवर त्याचा नफा दरातच मिसळलेला असतो, आणि उरलेल्या नोटा परत विकताना त्याचा खरेदीचा, म्हणजे कमी दर लागतो, म्हणजे तोटा दोनदा होतो. एटीएमवर बँक प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेते आणि त्याशिवाय रकमेच्या साधारण दोन ते साडेतीन टक्के चलन-रूपांतरासाठी कापते. त्यामुळे थोडे थोडे पैसे वारंवार काढणे महाग पडते, आणि थायलंडसारख्या देशात, जिथे स्थानिक बँकाही परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट घेतात, तिथे संदेशाची भीती निराधार नाही. पण त्यावरचा मार्ग कमी वेळा आणि मोठी रक्कम काढणे हा आहे. पोहोचल्याबरोबर टॅक्सीला आणि चहापाण्याला पुरेल एवढे चलन इथून जरूर न्यावे. क्रेडिट कार्डाने मात्र रोख काढू नये, कारण तिथे व्याज त्याच दिवसापासून लागते.

संदेशातील सर्वांत घातक सल्ला रुपयांच्या पर्यायाचा आहे. परदेशी यंत्र भारतीय कार्ड ओळखते आणि विचारते की व्यवहार स्थानिक चलनात करायचा की रुपयांत. रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार यंत्र चालवणाऱ्या कंपनीकडे जातो आणि ती आपला अधिभार त्या दरात घालते. समजा, बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि २०० युरो काढायचे आहेत. युरो निवडल्यास बँकेचे साडेतीन टक्के आणि त्यावरील जीएसटी धरून सुमारे २०,८२६ रुपये जातील; रुपये निवडल्यास आणि अधिभार आठ टक्के असल्यास २१,६०० रुपये जातील. बँकेचे ठरावीक शुल्क दोन्हीकडे याखेरीज लागतेच, शिवाय रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका आणखी टक्का-दीड टक्का लावतात. रुपयांतील आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून सुरक्षित भासतो. वस्तुतः तो घेणाऱ्याच्या सोयीचा असतो. इथे आणखी एक भीती दूर करायला हवी. बऱ्याच यंत्रांवर रूपांतर नाकारण्याच्या बटणावर ‘डिक्लाइन’ असे लिहिलेले असते आणि ते दाबले तर व्यवहारच रद्द होईल असे वाटून माणसे ‘ॲक्सेप्ट’ दाबतात. सहसा रद्द होते ते केवळ रूपांतर. पैसे स्थानिक चलनाच्या हिशेबाने बाहेर येतात. हॉटेलात किंवा दुकानात कार्डयंत्रावर हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

उलट्या पिनची गोष्ट निखालस खोटी आहे. अशी सोय बँकांनी लागू केलेली नाही, आणि १२२१ हा पिन उलटा केला तरी १२२१ च राहतो. संकटात सापडलेला माणूस या भरवशावर राहिला, तर चुकीचा पिन टाकून समोरच्याला आणखी चिडवेल.

जे सांगायला हवे होते, ते संदेशात नाहीच. २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेले कार्ड केवळ भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरते चालू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो आणि तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते. हे काम पुण्यातून निघण्यापूर्वी उरकावे, कारण ते करताना येणारा ओटीपी भारतीय सिमकार्डावर येतो आणि रोमिंग नसेल तर तो परदेशात मिळत नाही.